जुन्या स्पोर्ट्‌स कारमधला सस्पेन्शनचा खटका खरंच काही करतो का?

१९८९च्या मॉडेलपासून काही शेव्हरले कॉर्व्हेट गाड्यांत गिअरजवळ एक गोल खटका मिळू लागला. त्यावर तीन खुणा होत्या: टूरिंग, स्पोर्ट आणि परफॉर्मन्स. १९९४ साली आलेल्या फेरारी एफ३५५मध्ये असेच दोन मोड होते. आज या गाड्या तिशी ओलांडून गेल्या आहेत आणि त्या विकत घेणारा हमखास विचारतो, की या खटक्याने खरंच काही होतं का? होतं, पण जाहिरातीतून वाटतं ते नव्हे.

गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. दबलेली स्प्रिंग पुन्हा पुन्हा उसळत राहू नये, म्हणून तिची ऊर्जा जिरवायचं काम शॉक ॲब्सॉर्बरचं. त्याच्या आत तेल असतं, तेलात पिस्टन आणि पिस्टनला बारीक वाटा. पिचकारीचं तोंड जितकं बारीक, तितका दट्ट्या ढकलायला जड, इथेही तेच. खटका फिरवला की शॉकच्या माथ्यावरची छोटी मोटर आतली झडप फिरवते आणि तेलाची वाट अरुंद होते. बास, एवढंच. स्प्रिंग तीच राहते, वळणावर गाडीचं कलणं कमी करणारा दांडा, म्हणजे अँटी-रोल बारही तोच. त्यामुळे लांबलचक, एकसारख्या वळणावर गाडी शेवटी किती कलणार, हे कोणत्याही मोडमध्ये जवळपास सारखंच असतं. बदलतं ते कलण्याचं तंत्र: स्टिअरिंग वळवल्यावरचा पहिला क्षण, ब्रेक मारताना नाक खाली जाण्याचा वेग, उंचवट्यानंतरचे हेलकावे.

हे हेलकावे आकड्यांत पाहण्यासारखे आहेत. समजा, स्प्रिंगवर गाडीचा सांगाडा सेकंदाला दीड वेळा वरखाली होतो. शॉक मऊ असेल, म्हणजे अवमंदन गुणोत्तर (शॉक हेलकावे किती जोरात जिरवतो, याचं माप) ०.२, तर एका पूर्ण हेलकाव्यानंतर मूळ उसळीचा सुमारे २८ टक्के भाग उरतो. तेच गुणोत्तर ०.४ केलं तर जेमतेम साडेसहा टक्के. हा फरक कुणालाही जाणवेल.

मग कायम कडक मोडच का ठेवू नये? इथे गणित फार सुंदर वळण घेतं. स्प्रिंग, शॉक आणि वजन एवढाच साधा नमुना घेतला, तर सांगाड्याच्या नैसर्गिक कंपनसंख्येच्या (स्प्रिंगवर तो सेकंदाला जितक्या वेळा वरखाली होतो तिच्या) √२ पटीला, म्हणजे आपल्या उदाहरणात सुमारे २.१ हर्ट्झला (सेकंदाला २.१ वेळा), मऊ आणि कडक शॉक अगदी सारखाच हादरा आत पोचवतात. त्याखाली कडक शॉक सरस ठरतो. त्यावर मात्र तोच शॉक जास्त हादरे आत आणतो. ताशी ७२ किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २० मीटर जाते. म्हणजे रस्त्यावरच्या लाटा साडेनऊ मीटरपेक्षा लांब असतील तर कडक मोड फायद्याचा. मीटर-मीटरवर येणाऱ्या खाचखळग्यांवर तो निव्वळ त्रास. शिवाय अशा रस्त्यावर अती कडक शॉकमुळे टायरवरचा दाब सारखा कमीजास्त होतो आणि पकडही कमी होते. बसणाऱ्या धक्क्यांमुळे गाडी वेगवान वाटते, पण ती तितकी वेगवान असतेच असं नाही. गुळगुळीत ट्रॅक सोडला तर जुन्या गाडीत मी मऊ मोडच निवडेन.

एकच झडप सतत कडक ठेवण्याऐवजी क्षणाक्षणाला बदलली तर हा पेच बराचसा सुटतो. अभियंते डीन कार्नोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली हा विचार नीट मांडला होता. पण १९८९च्या कॉर्व्हेटमधली मोटर तेवढी चपळ नव्हती; निवडलेल्या मोडमध्ये ती गाडीच्या वेगानुसार शॉक हळूहळू कडक करायची, खड्डा ओळखून नव्हे. २००३च्या कॉर्व्हेटमध्ये लोहकण मिसळलेलं तेल आलं. चुंबकीय क्षेत्र वाढलं की ते तेल मिलिसेकंदांत दाटतं. तिथे खटका हवा तो स्वभाव सांगतो, प्रत्यक्ष काम संगणक करतो. म्हणून १९८९ आणि २००३च्या खटक्यांना एकाच मापाने मोजणं चूक आहे.

जुन्या गाडीत खरी अडचण वयाची असते. ऑइल सील गळतात, शॉकमधला गॅस कमी होतो, माथ्यावरची मोटर अडकते. तेल गळून गेलेल्या शॉकमध्ये झडप कितीही फिरवा, अडवायला काही उरलेलंच नसतं. रबरी बुश (सस्पेन्शनच्या जोडांमधले रबराचे तुकडे) कडक झाले असतील तर बारीक धक्के शॉकला वळसा घालून थेट सांगाड्यात शिरतात आणि दोन्ही मोड सारखेच आदळआपट करणारे वाटतात. टायर जुने झाले असतील तरी हाच अनुभव. म्हणून आधी टायर आणि बुश बघा, मग शॉक.

पार्किंगमध्ये बॉनेट दाबून या खटक्याची पारख होत नाही. रिकामा, ओळखीचा रस्ता घ्या, जिथे एखादा लांब, सौम्य उंचवटा आहे. कायद्याच्या मर्यादेत, एकाच वेगाने तो दोन्ही मोडमध्ये ओलांडा आणि उतरल्यावर गाडी किती वेळा डोलते ते पाहा. मऊ मोडमध्ये दुसरा हेलकावा जाणवला आणि कडक मोडमध्ये गाडी पहिल्यातच बसली, तर खटका काम करतोय. दोन्हीकडे ती तीन-चार वेळा डोलत राहिली, तर शॉक संपले आहेत. दोन्हीकडे हुबेहूब सारखीच पटकन बसली, तर शॉक ठीक असतील, पण मोटर किंवा तिची वायर तपासून घ्यावी लागेल.