प्रगत रिलेशनल डेटाबेस: अभ्यासक्रमामागचा इतिहास

पदवीला डीबीएमएसचा (डेटाबेस सांभाळणाऱ्या यंत्रणांचा) पेपर नॉर्मलायझेशन, म्हणजे पुनरावृत्ती टाळून टेबलं आखणं, आणि एसक्यूएल या क्वेरीभाषेतल्या जॉइनवर, म्हणजे टेबलं जोडण्यावर, निभावून जातो. एम.टेक.च्या प्रगत पेपरात मात्र विषयच बदलल्यासारखा वाटतो: बफर पूल (डिस्कवरचा डेटा मेमरीत ठेवायची जागा), क्वेरी ऑप्टिमायझर (क्वेरी चालवायची स्वस्त वाट निवडणारा भाग), लॉकिंग (एकाच डेटावर काम करणाऱ्यांना आवरणं), रिकव्हरी (क्रॅशनंतर डेटा सावरणं). टेबलं कशी आखायची हे मागे पडतं आणि ती चालवणारं इंजिन उघडून पाहणं सुरू होतं. या विभागणीचं मूळ 1970 सालच्या एका शोधनिबंधात आहे.

त्या जूनमध्ये आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेतल्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल, म्हणजे सगळा डेटा टेबलांत मांडायची कल्पना, जाहीरपणे मांडलं. तोवर आयबीएमच्याच आयएमएससारख्या डेटाबेसमध्ये एका रेकॉर्डवरून दुसऱ्यावर कसं जायचं, ती वाट प्रोग्रॅमरलाच लिहावी लागे. साठवणीची रचना बदलली की प्रोग्रॅम मोडायचे. कॉड यांचं म्हणणं असं, की काय हवं तेवढं सांगा, शोधायचं कसं ते यंत्रणा बघेल. चार्ल्स बाखमन यांच्या नेटवर्क मॉडेलच्या (दुव्यांनी जोडलेल्या रेकॉर्डच्या रचनेच्या) बाजूच्या लोकांची शंका रास्तच होती: हे पुरेशा वेगाने चालणार कसं? याचं उत्तर कॉड यांच्याकडे तयार नव्हतं. प्रगत पेपरातलं जवळजवळ प्रत्येक युनिट हे त्या उत्तराचा एक तुकडा आहे.

उत्तर शोधलं दोन गटांनी. बर्कलीत स्टोनब्रेकर आणि वाँग यांनी 1973 मध्ये इन्ग्रेस सुरू केलं, तर सॅन होजेत 1974 मध्ये सिस्टिम आर उभं राहू लागलं. एसक्यूएल दुसऱ्यातून आली. शोध झटपट करणारी झाडासारखी सूची, म्हणजे बी-ट्री, तर दोघांच्याही आधी बोईंगमध्ये बायर आणि मॅक्‌क्राइट यांनी शोधून ठेवली होती.

सर्वांत अवघड तुकडा ऑप्टिमायझरचा. दहा टेबलं एकामागून एक जोडायची तर क्रम होतात 36,28,800. पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी 1979 मध्ये दाखवलं, की टेबलांच्या प्रत्येक उपसंचासाठी सर्वांत स्वस्त प्लॅन (क्वेरी चालवायची पद्धत) लक्षात ठेवला, की 1,023 उपसंचांत काम भागतं. सोबत एक बारकावा: महाग असला तरी ओळी उपयोगी क्रमाने देणारा प्लॅन फेकायचा नाही, कारण पुढच्या मर्ज जॉइनमध्ये, म्हणजे क्रमाने लावलेल्या दोन याद्या जोडताना, सॉर्ट वाचतं. उत्तरपत्रिकेत नेमका हाच मुद्दा गळतो.

प्लॅनचा खर्च काढायला किती ओळी येतील याचा अंदाज लागतो. आकडेवारी नसेल तर सिस्टिम आर ‘बरोबर’ (=) या अटीला एक दशांश ओळी आणि ‘पेक्षा मोठं’ला एक तृतीयांश ओळी धरत असे. या आकड्यांमागे फारसं गणित नव्हतं, तरी तो एक तृतीयांश पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसच्या सोर्स कोडमध्ये आजही बसलेला आहे. खरा घोळ होतो तो अटी एकमेकींपासून स्वतंत्र मानल्याने. समजा 36 लाख ओळी 36 जिल्ह्यांत आणि 358 तालुक्यांत सारख्या वाटल्या आहेत. जिल्हा कोल्हापूर आणि तालुका करवीर अशा दोन्ही अटी घातल्या, की ऑप्टिमायझर 1/36 आणि 1/358 हे दोन्ही अपूर्णांक गुणतो आणि सुमारे 279 ओळी येतील असं धरतो. करवीर कोल्हापुरातच असल्याने प्रत्यक्षात येतात दहा हजारांवर. मग 279 साठी परवडणारा नेस्टेड लूप (प्रत्येक ओळीसाठी दुसऱ्या टेबलात नव्याने शोध) निवडला जातो आणि क्वेरी रखडते. क्वेरी चालवून तिचा प्लॅन दाखवणाऱ्या ‘एक्सप्लेन अॅनालाइझ’ या आज्ञेत अंदाज आणि प्रत्यक्ष ओळी शेजारी दिसतात, पहिली नजर तिथेच टाकावी. पोस्टग्रेस 10 पासून ‘क्रिएट स्टॅटिस्टिक्स’ने दोन कॉलमांचं नातं नोंदवता येतं, पण त्यानंतर आकडेवारी गोळा करणारी ‘अॅनालाइझ’ आज्ञा चालवल्याशिवाय फरक पडत नाही.

ट्रान्झॅक्शनचा, म्हणजे पूर्ण व्हावा नाहीतर मुळीच होऊ नये अशा कामाच्या गठ्ठ्याचा, पाया जिम ग्रे आणि सहकाऱ्यांचा 1976 चा: टू-फेज लॉकिंग. एकदा लॉक सोडायला सुरुवात केली की नवं घ्यायचं नाही. पुढे लॉकसाठी थांबणं टाळायला स्नॅपशॉट आयसोलेशन आलं, म्हणजे प्रत्येक ट्रान्झॅक्शनला सुरुवातीच्या क्षणाचं डेटाचं चित्र दिसतं, पण त्याला एक भोक आहे. दोन खात्यांत 500-500 रुपये, अट एवढीच की बेरीज शून्याखाली जाऊ नये. दोन ट्रान्झॅक्शन एकाच वेळी वेगवेगळ्या खात्यांतून 800 काढतात. दोघांनाही स्नॅपशॉटमध्ये एकूण 1,000 दिसतात, दोघांचाही हिशेब बरोबर, आणि शेवटी बेरीज उणे 600. एकाच ओळीवर दोघांनी लिहिलेलं नसल्याने संघर्ष पकडला जात नाही. 2008 मध्ये केहिल, रोम आणि फेकेटे यांनी यावर उपाय दिला आणि 2011 च्या पोस्टग्रेस 9.1 मध्ये तो आला. त्याआधी तिथे ‘सीरियलायझेबल’ (ट्रान्झॅक्शन एकामागून एक चालल्यासारखा निकाल) या नावाखाली स्नॅपशॉटच मिळायचं. आता यातलं एक ट्रान्झॅक्शन 40001 हा एरर कोड देऊन रद्द होतं. अॅप्लिकेशनने ते पुन्हा चालवायचं असतं, आणि पुन्हा चालवणारा नेमका तोच भाग लिहायचा राहतो.

रिकव्हरीला सगळीकडे एरीज ही पद्धत शिकवतात. सी. मोहन आणि आयबीएममधल्या सहकाऱ्यांचा हा निबंध 1992 चा. बदलांच्या नोंदवहीवरून, म्हणजे लॉगवरून, अॅनालिसिस (काय अर्धवट राहिलं ते पाहणं), रीडू (बदल पुन्हा करणं), अनडू (मागे घेणं) अशा तीन फेऱ्या. अर्धवट राहिलेल्या ट्रान्झॅक्शनचे बदलही आधी पुन्हा करून मग मागे का घ्यायचे, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. कारण असं, की पान (डेटाचा ठरावीक आकाराचा तुकडा) क्रॅशच्या क्षणी होतं तसं उभं राहिलं तरच उलट फेरी नेमकी करता येते. ती फेरीही लॉगमध्ये नोंदवतात, म्हणजे मध्येच पुन्हा वीज गेली तरी तेच काम दोनदा उलटत नाही.

हे सगळं वाचून कळत नाही म्हणून प्रॅक्टिकलला लहान इंजिन लिहायला देतात: एमआयटीचं सिम्पलडीबी जावात, कार्नेगी मेलनचं बसटब सी प्लस प्लसमध्ये. सुरुवात बहुधा बफर पूलपासून. तिथली नेहमीची चूक म्हणजे वापरून झालेलं पान अनपिन न करणं, म्हणजे ते आता हलवता येईल असं न सांगणं. बफर पूलमधल्या सगळ्या फ्रेम (पान ठेवायच्या जागा) अडकतात आणि नवं पान आणायला जागाच उरत नाही. पवईच्या आयआयटी मुंबईत वेगळ्याच अडचणीवर काम झालं. विद्यार्थ्याची एसक्यूएल नमुना डेटावर बरोबर उत्तर देते आणि तरी चुकीची असू शकते, उदाहरणार्थ जोडी न मिळालेल्या ओळीही ठेवणाऱ्या लेफ्ट जॉइनच्या जागी साधा जॉइन. तिथली एक्सडेटा ही प्रणाली अशी चूक उघडी पाडणारा डेटा स्वतःच तयार करते.