काळ्या पाटीपासून बिनपाटीपर्यंत

काळी नंबरपाटी, वर पिवळी अक्षरं. गोव्यात हे शेंबडं पोरही ओळखतं: रेंटची गाडी. या गाडीने कुणाला उडवलं तर भरपाई द्यायला कुणीतरी बांधील आहे, हाही त्या पाटीचा अर्थ आहे.

रेंटच्या दुचाकीचे नियम आले ते केंद्र सरकारच्या १९९७ च्या 'रेंट अ मोटारसायकल' योजनेतून. पिवळ्या मडगार्डचे पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाले, त्याच्या कितीतरी आधीपासून प्रवासी नेत होते, पण तिथे हँडल गाडीवाल्याच्याच हातात. रेंटमध्ये चावी परक्याकडे जाते. तो पर्यटक उद्या विमानाने निघून गेला, तर म्हापशात पाय मोडून पडलेल्याने कुणाकडे बघायचं? उत्तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात होतं. कलम १४६ ने थर्ड पार्टी विमा, म्हणजे गाडीमुळे इतरांना झालेल्या नुकसानीचा विमा, सक्तीचा केला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्ण सिंग निकालातून वाट रुळली की चालकाच्या लायसन्समध्ये खोट असली तरी विमा कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत, मग मालकाकडून वसूल करावेत. नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पुन्हा ठणकावलं.

गाडी देताना पोरगा मोबाईलवर ओरखड्यांचे फोटो काढतो आणि एक कागद पुढे सरकवतो: 'अपघात झाल्यास सर्व जबाबदारी ग्राहकाची.' सही होते, वाचत कुणी नाही. तो करार त्या दोघांपुरता. रस्त्यावर पडलेल्याचा हक्क त्याने बुडत नाही. चालवणाऱ्याचं मात्र कठीण. मालकाकडून मागून घेतलेली गाडी चालवणारा मालकाच्या जागी उभा राहतो, त्याला 'थर्ड पार्टी' म्हणता येत नाही, असं २००९ आणि २०२० चे निकाल सांगतात. पर्यटकांना हे कुणीतरी काउंटरवरच सांगायला हवं.

मग इलेक्ट्रिक आल्या. २०१८ मध्ये केंद्राने त्यांना परमिटमधून सूट दिली. जानेवारी २०२४ पासून नव्या रेंट गाड्या इलेक्ट्रिकच असतील, अशी घोषणा गोव्याच्या मुख्यमंत्र्यांनी जुलै २०२३ मध्ये केली. ताकदीच्या ई-स्कूटरला नोंदणी, लायसन्स, विमा सगळं लागतं, तिथे जुनीच चौकट चालते.

मला काळजी आहे ती छोट्या स्कूटरची. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर केंद्रीय नियमांनुसार ती 'मोटार वाहन' ठरतच नाही. ना पाटी, ना लायसन्स, ना सक्तीचा विमा. चूक कुणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख देणारं मोटार वाहन कायद्याचं कलम १६४ इथे लागू होत नाही. बेदरकारपणाचा गुन्हा पोलीस नोंदवू शकतात, तो कुठल्याही वाहनाला लागतो. पण इस्पितळाचं बिल वसूल करायचं तर दिवाणी दावा लावून निष्काळजीपणा सिद्ध करायचा, तोही स्वतःच्या खर्चाने.

आणि कुणी त्याच स्कूटरची वेगमर्यादा काढून टाकली, की कायद्याच्या नजरेत ती त्या क्षणी मोटार वाहन होते. नोंदणी नसलेलं, विमा नसलेलं.