बॅटरीवर वेल्डिंग: करंट भरपूर, व्होल्टेज तोकडं

कुर्ल्याला एलबीएस रोडच्या कडेने गॅरेजांची रांग आहे, तिथे वेल्डिंगला वीज कुठून आणायची हा प्रश्नच नसतो. मशीन प्लगला लावलं, होल्डरमध्ये रॉड, म्हणजे वितळून सांधा भरणारी धातूची कांडी, अडकवला की काम सुरू. तीच गाडी मुंबईकर मंडळी हौसेने लडाखला, स्पितीला नेतात. तिथल्या एखाद्या नाल्यात शॉकअबचा (शॉक अब्सॉर्बरचा) ब्रॅकेट चेसिसपासून उखडला की जवळपास ना प्लग असतो ना जनरेटर. मग ताफ्यातल्या दोन-तीन गाड्यांच्या बॅटऱ्या उतरवतात, एकीचं प्लस दुसरीच्या मायनसला जोडतात आणि जंपर केबलच्या टोकाला रॉड धरून टाका मारतात.

हा जुगाड वाटतो खरा, पण आर्कने, म्हणजे रॉड आणि धातू यांच्या फटीत सतत तेवणाऱ्या विजेच्या ठिणगीने, वेल्डिंग करण्याची सुरुवातच बॅटरीपाशी झाली. १८८१ मध्ये फ्रान्समध्ये ऑग्युस्त द मेरितॉ यांनी कार्बनच्या आर्कची उष्णता वापरून शिशाच्या पट्ट्या जोडल्या, त्याही बॅटरीत बसवायच्या पट्ट्या. त्यांच्याकडे शिकलेल्या निकोलाय बेनार्दोस यांनी पुढे लोखंड जोडायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. प्लगवर चालणारी मशीनं बरीच नंतरची.

गाडीच्या बॅटरीत दम किती असतो? सेल्फ मारताना साध्या पेट्रोल गाडीची स्टार्टर मोटर शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढते, डिझेल गाडीची त्याहून जास्त. घरातल्या पंख्याला अर्धा अँपिअरही लागत नाही. बाजारात सर्रास मिळणाऱ्या ६०१३ जातीच्या अडीच मिलिमीटर रॉडला ६० ते ९० अँपिअर पुरतात. म्हणजे करंटची चिंता नाही.

घोडं अडतं ते व्होल्टेजवर. बॅटरीतले सहा सेल प्रत्येकी २.१ व्होल्ट देतात. भरलेली बॅटरी झाली १२.६ व्होल्टची. ८० अँपिअरचा आर्क तेवत ठेवायला साधारण २३ व्होल्ट लागतात. एका बॅटरीवर नुसत्या ठिणग्या उडतात. दोन जोडल्या की २५ व्होल्ट होतात, पण करंट वाहू लागताच त्यातले दीड-दोन व्होल्ट बॅटरीच्या आतल्या आणि केबलच्या रोधातच खर्च होतात. उरतात जेमतेम २३. हात केसभर वर गेला की आर्क विझतो, खाली आला की रॉड चिकटतो. ट्रक-बसमध्ये २४ व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या मुळातच जोडलेल्या असतात, तिथेही हीच ओढाताण.

तिसरी बॅटरी जोडली की आर्क झटकन पेटतो, पण मग लगाम राहत नाही. वेल्डिंगचं मशीन नुसता करंट पुरवत नाही, त्याला आवरतंही. रॉड टेकवण्याआधी त्याच्या टोकाला ५० ते ८० व्होल्ट असतात. करंट वाढला की मशीन व्होल्टेज आपोआप उतरवतं. बॅटरी तसं करत नाही, ती जवळपास तेवढंच व्होल्टेज देत राहते. त्यात आर्कचा स्वभाव उलटा. करंट वाढला की त्यातला वायू आणखी तापतो, अधिक विद्युतभारित होतो, विजेची वाट सोपी होते आणि करंट आणखी चढतो. रॉड चिकटला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि अख्खा रॉड हातातच लाल होऊ लागतो. म्हणून जाणकार केबलच्या वाटेत जाड लोखंडी तार घालतात. जादा व्होल्ट तिच्यात उष्णता होऊन जिरतात. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली खरी अक्कल त्या तारेत आहे. बॅटऱ्या काय, कोणीही जोडेल.

रॉड साधारण मिनिटभरात संपतो. ८० अँपिअर एक मिनिट म्हणजे ४,८०० कूलोम (अँपिअर गुणिले सेकंद, वाहिलेल्या विजेचं माप). दीडशे अँपिअरने तीन सेकंद सेल्फ मारायला ४५० लागतात. एका रॉडच्या विजेत गाडी दहादा सुरू झाली असती! शिवाय इतक्या जोराने उपसलेली बॅटरी लेबलवर छापलेली पूर्ण क्षमता देत नाही. त्यामुळे पाच-सहा रॉडनंतर बॅटऱ्यांना विश्रांती द्यायची आणि ताफ्यातल्या एका गाडीची बॅटरी मुळीच काढायची नाही, नाहीतर ब्रॅकेट जुळेल पण एकही गाडी सुरू होणार नाही.

धोके खरे आहेत. शिसे-आम्लाच्या बॅटरीतून हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो अवघा चार टक्के असला तरी ठिणगीने पेटतो. बॅटरी फुटली तर अंगावर उडतं ते आम्ल. त्यामुळे बॅटऱ्या केबल पुरेल तितक्या लांब, वाऱ्याला उघड्यावर ठेवायच्या आणि क्लॅम्प लावताना रॉड कशालाही टेकलेला नको. ज्या गाडीवर काम चाललंय तिच्या बॅटरीच्या तारा सोडवायच्याच, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनित्र) आणि ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) यांचे कनेक्टरही काढायचे. भरकटलेला करंट हजारो रुपयांचं इलेक्ट्रॉनिक्स क्षणात जाळतो. आर्कच्या अतिनील किरणांपुढे साध्या गॉगलचा काही उपयोग नाही. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी जळजळ काही तासांनी, मुक्कामाला पोचल्यावर सुरू होते, त्यामुळे तेव्हा बरं वाटलं म्हणून फसायचं नाही. वेल्डिंगची काळी काच सामानात नसेल तर हे काम करूच नये. विजेवर चालणाऱ्या गाडीच्या मोठ्या बॅटरीला तर हातही लावायचा नाही. तिथे शेकडो व्होल्ट असतात.

काय जोडायचं हेही पाहावं लागतं. ब्रॅकेट, सायलेन्सरचा हँगर, कॅरिअर यांचं पोलाद मऊ असतं, टाका धरून ठेवतं. कमान पाट्याचं तसं नाही. त्यात कार्बन जास्त. वेल्डिंगच्या कडेचा भाग झटकन थंड होताना काचेसारखा ठिसूळ होतो आणि पुढच्याच खड्ड्यात टाक्याशेजारी तुटतो. स्टिअरिंगच्या टाय रॉडवर, म्हणजे चाकं वळवणाऱ्या दांड्यावर, असा टाका मारून घाट उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. पाटा तुटला तर मधे लाकडाचा ठोकळा घालून दोराने आवळायचा आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरवर पुढचं गाव गाठायचं.