पंख बाहेर वाढवा, लांबीला नको
(मॉडेल रॉकेटचे पंख कापण्याआधी वाचायचा कागद)

आमच्याकडून नळी, नाक आणि बाल्सा या हलक्या लाकडाची पाटी नेणारे बरेच जण पंखांचा आकार स्वतःच ठरवतात. ठरवावाच, खरी मजा त्यातच आहे. पण एक चूक इतक्यांदा दिसते, की तिच्यासाठीच हा कागद छापला. पहिलं रॉकेट वेडंवाकडं गेलं, की दुसऱ्याचे पंख मोठे केले जातात. मोठे म्हणजे लांब, नळीच्या अंगाने पार वरपर्यंत चढवलेले. आणि दुसरं रॉकेट पहिल्यापेक्षा जास्त गिरक्या घेतं.

असं का होतं? रॉकेटवर दोन बिंदू महत्त्वाचे. एक गुरुत्वमध्य: मोटर आणि पॅराशूटसकट भरलेलं रॉकेट दोऱ्यावर टांगलं तर जिथे आडवं तोलून राहतं, ती जागा. दुसरा दाबमध्य: रॉकेट थोडं तिरकं झालं की बाजूने लागणारा हवेचा एकूण जोर जिथे पडतो असं धरता येतं, तो बिंदू. दाबमध्य गुरुत्वमध्याच्या मागे असला, तर हवा शेपटीला ढकलते आणि नाक पुन्हा वाटेवर येतं. बाणाची पिसं मागे असतात ती याचसाठी. दोन बिंदूंमध्ये निदान एका नळीच्या व्यासाइतकं अंतर ठेवा. दोन व्यासांपेक्षा बरंच जास्त झालं, तर वारा असताना रॉकेट वाऱ्याकडे तोंड करून तिरकं निघतं.

आता हिशेब. जेम्स बॅरोमन यांनी 1966 मध्ये मांडलेली दाबमध्य काढायची समीकरणं आजही हौशी मंडळी वापरतात, आम्हीही. नळीचा व्यास 25 मिमी, नाकासकट लांबी 350 मिमी, त्यात नाक 75 मिमी निमुळतं गोलसर. अगदी शेपटीला तीन पंख: नळीला चिकटणारी कड 50 मिमी, बाहेरची कड 25 मिमी, नळीपासून बाहेर 25 मिमी. या रॉकेटचा दाबमध्य नाकाच्या टोकापासून सुमारे 258 मिमीवर येतो.

हेच पंख फक्त 10 मिमी जास्त बाहेर काढले, तर दाबमध्य 281 मिमीवर सरकतो, म्हणजे जवळजवळ एक व्यास मागे. पंख मूळ मापाचेच ठेवून चौथा लावला, तर 271. आणि बाहेरची रुंदी तीच ठेवून दोन्ही कडा दुप्पट लांब केल्या, तर? बाल्सा दुप्पट लागतो, हवेचा जोर जेमतेम 7 टक्के वाढतो, आणि पंखाचा मोठा भाग वर चढल्यामुळे दाबमध्य उलटा पुढे, 238 वर येतो. गिरक्यांचं मूळ हेच.

पंख शेपटीपासून वर सरकवणंही तसंच महागात पडतं. वरच्याच उदाहरणात 20 मिमी वर लावले, की सुमारे 16 मिमी गमावले.

चौथ्या पंखाबद्दल आमचं मत विचाराल, तर तीनच ठेवा. वजन शेपटीला वाढलं की गुरुत्वमध्यही मागे येतो आणि कमावलेलं थोडं परत जातं. रुंद पंखालाही हे लागू आहेच, शिवाय फार रुंद आणि पातळ पंख वेगात फडफडून तुटतो. बाहेरची रुंदी एक ते दीड व्यास, बाल्सा 2 ते 2.5 मिमी, एवढ्यात लहान मोटरचं काम भागतं. नळीच्याही मागे लोंबणारे टोकदार पंख दिसतात छान, पण उतरताना जमिनीला आधी तेच लागतात.

कापताना लाकडाच्या रेषा पंखाच्या पुढच्या कडेला समांतर हव्यात. आडव्या आल्या, तर पंख बिस्किटासारखा मोडतो. पुढची कड पॉलिश पेपरने गोल करा, मागची निमुळती. नळीला चिकटणारी कड मात्र सपाटच राहू द्या.

जागा आखायला नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून कापा आणि तिचे तीन सारखे भाग होतील अशी घडी घाला. 25 मिमीच्या नळीला खुणांमधलं अंतर साधारण 26 मिमी येतं. उभी रेघ मारायला नळी अँगलच्या खाचेत ठेवून पेन्सिल चालवा, डोळ्याच्या अंदाजाने नको. पंख जरा तिरका बसला की रॉकेट स्वतःभोवती फिरतं आणि उंची घटते. गोंद वाळल्यावर सांध्याच्या दोन्ही बाजूंना गोंदाची बारीक गोलाई द्या. लाँच रॉडची (उडताना रॉकेटला सुरुवातीला सरळ ठेवणाऱ्या दांडीची) छोटी नळी दोन पंखांच्या मधोमध बसवा.

उडवण्याआधी मोटर भरून, पण इग्नायटर (मोटर पेटवणारी तार) न लावता, गुरुत्वमध्यावर दोरा बांधा आणि मोकळ्या जागेत रॉकेट डोक्यावरून गोल फिरवा. नाक पुढे ठेवून फिरलं तर निर्धास्त उडवा. ही परीक्षा जरा कडक आहे, लांब रॉकेट कधीकधी चांगलं असूनही नापास होतं. तसं झालं, तर आधी दोन बिंदूंमधलं अंतर मोजा. ते एका व्यासापेक्षा कमी भरलं, तर नाकात थोडी माती चेपून पुन्हा फिरवा.