संघर्ष निराकरण दिन

दरवर्षी ऑक्टोबरच्या तिसऱ्या गुरुवारी पाळला जाणारा जागृती दिन. भांडण हाणामारीपर्यंत किंवा कोर्टकचेरीत न नेता बोलणी, मध्यस्थी, लवाद अशा मार्गांनी मिटवता येते, हे लोकांना कळावे हा त्याचा हेतू आहे. अमेरिकेतील असोसिएशन फॉर कॉन्फ्लिक्ट रिझोल्यूशन या संस्थेने तो २००५ मध्ये सुरू केला. २१ सप्टेंबरचा शांतता दिन आणि २ ऑक्टोबरचा अहिंसा दिन हे संयुक्त राष्ट्रांचे दिवस असून त्यांचा आवाका जगाचा आहे. संघर्ष निराकरण दिनाची नजर घर, शाळा, कामाची जागा आणि शेजार यांतल्या वादांवरही असते.

हा गुरुवार १५ ते २१ ऑक्टोबरच्या दरम्यान येतो. मराठवाड्यात तेव्हा सोयाबीनची रास आणि ज्वारी-हरभऱ्याची पेरणी यांची घाई असते. मळणीयंत्र शेतात न्यायला वाट हवी असते, ती शेजाऱ्याच्या रानातून जाते. नांगरट करताना बांध कोरला जातो. बांध, वाट, सामाईक विहिरीतली पाण्याची पाळी आणि भावकीतली वाटणी, गावच्या वैराची मुळे बहुधा या चारांत सापडतात. अडवलेल्या वाटेसाठी तहसीलदाराकडे दाद मागता येते. त्यासाठी १९०६ चा मामलतदार न्यायालय कायदा आहे. पण निकाल येईपर्यंत रास शेतातच भिजली, तर जिंकणाऱ्याच्याही हाती फारसे लागत नाही.

वेगळी आणि फार मोठी गुंतागुंत ताब्याची. सातबारा एकाच्या नावावर, वहिवाट दुसऱ्याची, आणि त्या दुसऱ्याच्या नावची जमीन पहिला कसतो, असे प्रकार जमीन एकत्रीकरणातल्या, म्हणजे विखुरलेले तुकडे एकत्र करतानाच्या, चुकांमुळेही झाले. त्यावर राज्य शासनाने जानेवारी २०२३ मध्ये सलोखा योजना आणली. असा परस्पर ताबा किमान १२ वर्षांचा असेल आणि दोघे राजी असतील, तर तलाठ्याच्या पंचनाम्यानंतर अदलाबदलीचा दस्त करता येतो. मुद्रांक शुल्क १,००० रुपये आणि नोंदणी फीही तेवढीच. बाजारभावाने शुल्क भरायचे या धास्तीने जे दस्त होत नव्हते, त्यांची अडचण यातून दूर होते.

गावपातळीवर २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम राबवली गेली, तेव्हा आर. आर. पाटील गृहमंत्री होते. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच, म्हणजे दिवाणी कोर्टाच्या निकालाइतकाच, बंधनकारक असतो आणि त्यावर अपील नाही. २०२३ च्या मध्यस्थी कायद्याने सामुदायिक मध्यस्थीचीही सोय केली, मात्र तिच्यातला समझोता हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येत नाही. तो शब्दावर टिकतो.

तडजोड राजीखुशीचीच हवी. माहेर तुटेल या धाकाने बहिणीने हक्कसोडपत्रावर केलेली सही हे वादाचे निराकरण नव्हे, भले घरात शांतता दिसो. जातपंचायतीने वाळीत टाकण्याची भीती घालून 'मिटवलेले' प्रकरणही तसेच. अशा बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे.

मराठवाड्याच्या सर्वांत मोठ्या वादाचा हिशेबही याच सुमारास होतो. पैठणच्या जायकवाडी धरणातील साठा १५ ऑक्टोबरला मोजला जातो. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशातील सूत्रानुसार तो ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर नाशिक आणि अहिल्यानगरकडच्या वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते. टंचाईच्या वर्षी वरचा शेतकरीही तहानलेलाच असतो, त्यामुळे आयत्या वेळी बोलणी जमत नाहीत. आकडा आधी ठरलेला असण्याचे महत्त्व तेव्हा कळते. २०२३ मध्ये आकडा ठरलेला असूनही वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने स्थगिती दिली नाही, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस पाणी जायकवाडीकडे सुटले.