उतारवयातला गुडघा: हाडाबाहेरची दुखणी

साठीनंतर गुडघा दुखायला लागला की आपल्याकडे निदान आधीच ठरलेलं असतं, "झीज झालीय", "वंगण संपलं", "गॅप कमी झालाय", आणि एक्सरे काढला की थोडीफार झीज दिसतेच कारण त्या वयात ती खूप जणांना असते, मग सगळं दुखणं तिच्या नावावर जातं. पण गुडघा म्हणजे नुसती हाडं नाहीत. स्नायूला हाडाशी बांधणारे टेंडन, हाडाला हाडाशी बांधणारे लिगामेंट, आत चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या म्हणजे मेनिस्कस, आणि घासाघीस होऊ नये म्हणून ठेवलेल्या चिकट पाण्याच्या छोट्या पिशव्या, त्यांना बर्सा म्हणतात. यातलं काहीच साध्या एक्सरेत नीट दिसत नाही. झीज मागे फिरत नाही पण यातले बरेच त्रास बरे होतात, म्हणून नेमकं दुखतं कुठे हे बोट ठेवून दाखवणं फार महत्त्वाचं आहे.

सगळ्यात जास्त नजरेतून सुटतो तो आतल्या बाजूचा बर्सा. सांध्याच्या रेषेपासून साधारण 5-6 सेंटीमीटर खाली, नडगीच्या हाडावर आतल्या अंगाला तीन टेंडन एकत्र येऊन चिकटतात, तो आकार हंसाच्या पावलासारखा दिसतो म्हणून लॅटिनमध्ये त्याला पेस अँसेरिनस, म्हणजे हंसाचा पाय, असंच नाव पडलं. हा बर्सा त्या टेंडनच्या खालीच असतो, तो सुजला की तिथे दाबल्यावर माणूस कळवळतो. बायकांमध्ये, वजन जास्त असेल, डायबेटिस असेल किंवा आधीच झिजेचा संधिवात असेल तर हे जास्त दिसतं. खूण अशी की सपाटीवर चालताना फार त्रास नाही पण जिना चढताना आणि खुर्चीतून उठताना कळ येते. ठाण्यात तलावपाळीला दोन चकरा आरामात मारणाऱ्या आजी स्टेशनचा पूल म्हटला की नको म्हणतात, आणि नौपाड्यातल्या जुन्या किंवा नवी मुंबईतल्या सिडकोच्या बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यांचं तर घराबाहेर पडणंच कमी होतं. रात्री कुशीवर झोपलं की एक गुडघा दुसऱ्यावर टेकून दुखतो, मध्ये उशी घेतली की बरं वाटतं.

गुडघ्याच्या वाटीवर, चामडीखाली जो बर्सा असतो त्याला सूज येते ती गुडघे टेकून लादी पुसण्याने किंवा पडल्याने. बर्फ आणि टेकणं बंद, एवढ्यावर बऱ्याचदा भागतं. मात्र जागा लाल, गरम झाली आणि ताप आला तर आत इन्फेक्शन असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं, शुगरच्या पेशंटने तर नक्कीच.

गुडघ्याच्या मागे खळग्यात गोळा आल्यासारखं वाटतं त्याला बेकर्स सिस्ट म्हणतात, लंडनचे सर्जन विल्यम मॉरंट बेकर यांनी 1877 मध्ये त्याचं वर्णन केलं. सांध्यात पाणी वाढलं की ते मागच्या बर्सात शिरतं. कधीकधी ती पिशवी फुटून पोटरी एकदम सुजते आणि हे हुबेहूब शिरेत गुठळी झाल्यासारखं दिसतं, फरक हाताने कळत नाही, डॉप्लर सोनोग्राफी लागते. तोपर्यंत कृपया तेल लावून पोटरी चोळू नका.

गादी फाटल्याचा एमआरआय रिपोर्ट बघून घरचे घाबरतात. 2008 साली अमेरिकेत 50 ते 90 वयाच्या 991 लोकांचे एमआरआय काढले तेव्हा ज्यांची गादी फाटलेली निघाली त्यातल्या 61 टक्क्यांना आधीच्या महिन्यात काही दुखतच नव्हतं. आणि 2013 मध्ये फिनलंडच्या अभ्यासात, ज्यांना झिजेचा संधिवात नव्हता अशा 146 जणांपैकी काहींची गादी दुर्बिणीने कापली, काहींचं नुसतं ऑपरेशन केल्यासारखं केलं, वर्षभराने दोघांत फरक नाही. म्हणजे वयाने विरलेल्या गादीसाठी आधी व्यायाम, ऑपरेशन नंतर. गुडघा अडकून सरळच होत नसेल तर गोष्ट वेगळी.

व्यायाम म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू कमावणं. पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबायची, पाच-दहा सेकंद धरायचं, सोडायचं, नाहीतर आडवं होऊन सरळ पाय वीतभर उचलायचा. बर्फ कपड्यात गुंडाळून पंधराएक मिनिटं. वजन एक किलो कमी झालं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोने हलका होतो. जेल लावायला हरकत नाही, पण दुखण्याच्या गोळ्या मनाने रोज खाल्ल्या तर त्या वयात किडनी, पोट आणि बीपी तिन्हीला बाधतात. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने आराम पडतो पण शुगर काही दिवस वर जाते, तपासत राहावं लागतं.

एक दुखणं मात्र थांबायला वेळ देत नाही. पावसाळ्यात ओल्या जिन्यावर पाय घसरतो, गुडघा मुडपतो, वाटीच्या वर फट्कन आवाज येतो आणि मांडीचं टेंडन तुटतं, हे चाळिशीच्या पुढेच जास्त होतं, डायबेटिस, किडनीचा आजार किंवा लांबलेलं स्टेरॉइड असेल तर धोका वाढतो. वाटीच्या वर बोटाला खड्डा लागतो आणि झोपून सरळ पाय उचलताच येत नाही. एक्सरेत फ्रॅक्चर नाही म्हणून क्रेप बँडेज बांधून घरी बसलं की तुटलेलं टोक वर ओढलं जातं, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जे सरळ शिवता आलं असतं ते नंतर जोडणं फार अवघड होऊन बसतं.