‘ड्रिप-अलाँग डॅफी’: काउबॉयची टर उडवणाऱ्या एका लघुपटाची पार्श्वभूमी

वॉर्नर ब्रदर्सच्या व्यंगचित्रपट विभागाने १७ नोव्हेंबर १९५१ रोजी अमेरिकेतील चित्रपटगृहांत आणलेला ‘ड्रिप-अलाँग डॅफी’ हा लघुपट जेमतेम सात मिनिटांचा आहे. दिग्दर्शन चक जोन्स यांचे, कथा मायकेल माल्टीज यांची, संगीत कार्ल स्टॅलिंग यांचे आणि मुख्य पात्रांचे आवाज मेल ब्लँक यांचे. डॅफी बदक घोड्यावर बसून एका बेबंद गावात शिरतो, तिथल्या गुंडाला आव्हान देतो आणि शेवटी भलत्याच मार्गाने त्या गावच्या कामी येतो, एवढेच त्याचे कथानक. मात्र ज्या ‘वेस्टर्न’, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडील काउबॉयच्या, चित्रपटांची तो टर उडवतो, ते तोवर प्रेक्षकांच्या इतके अंगवळणी पडले होते की एखादी टोपी, एखादा घोडा किंवा निर्मनुष्य रस्ता दिसताच पुढे काय होणार, हे चित्रपटगृहातले लहान मूलही सांगू शकले असते. या लघुपटातला विनोद समजून घ्यायचा, तर ही सवय कशी लागली ते आधी पाहावे लागते.

अमेरिकेच्या पश्चिमेकडील मुलुखाची दंतकथा चित्रपटापेक्षा जुनी आहे. १८६० पासून दहा सेंटला मिळणाऱ्या स्वस्त कादंबऱ्यांनी पिस्तूलबाज वीर घरोघर पोचवले होते आणि १८८३ पासून बफेलो बिल या खेळवाल्याने तोच मुलुख तिकीट लावून दाखवायला सुरुवात केली होती. प्रत्यक्षात १८९० च्या जनगणनेने वसाहतींची सरहद्द अशी आता उरली नसल्याची नोंद केली. टूम्बस्टोन गावातली ओके कोरालची सुप्रसिद्ध पिस्तुलांची चकमक २६ ऑक्टोबर १८८१ रोजी घडली आणि सुमारे अर्ध्या मिनिटात संपली. पडद्यावर मात्र तशा चकमकीच्या नुसत्या पूर्वतयारीलाच पाच-पाच मिनिटे लागू लागली. १९०३ मध्ये एडविन पोर्टर यांनी रेल्वेवरच्या दरोड्याचा जो गाजलेला मूकपट काढला, त्याचे बरेचसे चित्रीकरण पूर्वेकडच्या न्यू जर्सीत झाले होते. म्हणजे पडद्यावरचा पश्चिम मुलुख पहिल्यापासूनच सोयीने उभा केलेला होता.

बोलपट आल्यानंतर, विशेषतः १९३५ मध्ये रिपब्लिक पिक्चर्स स्थापन झाल्यावर, कमी खर्चाचे वेस्टर्न घाण्यातून काढल्यासारखे निघू लागले. जीन ऑट्री आणि रॉय रॉजर्स हे गाणारे काउबॉय, त्यांचे नामांकित घोडे आणि सोबतीला एक विसरभोळा, बडबड्या जोडीदार, असा हा ठरलेला साचा होता. जोडीदाराने हसवायचे, मार खायचा आणि नायकाला मोठे दिसू द्यायचे. स्मायली बर्नेट आणि गॅबी हेज यांनी अशाच भूमिकांवर नाव कमावले. सनसेट बुलेव्हार्ड आणि गॉवर स्ट्रीट यांच्या नाक्यावर काउबॉयच्या वेशातले एक्स्ट्रा नट कामाच्या आशेने ताटकळत असत, म्हणून त्या नाक्यालाच ‘गॉवर गल्च’, म्हणजे गॉवरची घळ, असे थट्टेने म्हणत. वॉर्नरची व्यंगचित्रे जिथे तयार होत, ती इमारत तिथून काही चौकांच्या अंतरावर होती. वेस्टर्नचा कच्चा माल या मंडळींच्या असा अगदी दारात होता.

त्यात दूरचित्रवाणीची भर पडली. विल्यम बॉइड यांनी १९३५ ते १९४८ या काळात हॉपअलाँग कॅसिडी या काउबॉयची भूमिका ६६ चित्रपटांत केली होती. या चित्रपटांचे हक्क त्यांनी स्वतः विकत घेतले आणि १९४९ मध्ये ते एनबीसी या दूरचित्रवाणी वाहिनीवर दिसू लागताच मुलांमध्ये हॉपअलाँगचे वेड पसरले. शाळेच्या डब्यांवरही त्याचे चित्र आले. डॅफीच्या लघुपटाचे नाव सरळ या हॉपअलाँगवरून बेतलेले आहे. चित्रपटगृहातला स्वस्त वेस्टर्न शेवटच्या घटका मोजत असताना आणि तोच माल घरातल्या छोट्या पडद्यावर नव्याने खपत असताना हे विडंबन आले. दहा वर्षे आधी ते आले असते, तर त्यात इतकी धार आली नसती, असे वाटते.

वॉर्नरच्या चित्रकारांना हा मुलुख नवीन नव्हता. बग्ज बनी या सशाला एल्मर फड या शिकाऱ्यापेक्षा तापट प्रतिस्पर्धी हवा म्हणून फ्रिझ फ्रेलेंग यांनी १९४५ मध्ये ‘हेअर ट्रिगर’ या लघुपटातून योसेमिटी सॅम हा मिशाळ, बुटका दरोडेखोर आणला होता, आणि त्याचीही कथा माल्टीज यांचीच होती. फरक आहे तो नायकात. बग्ज सहसा हरत नाही. त्याच्यासमोर गुंड हास्यास्पद ठरतो, पण वीर या कल्पनेला धक्का लागत नाही. जोन्स आणि माल्टीज यांनी हास्यास्पद ठरवला तो खुद्द वीरच.

त्यासाठी डॅफी हाताशी होता. १९३७ मध्ये टेक्स एव्हरी यांनी त्याला प्रथम पडद्यावर आणले तेव्हा तो पाण्यावर उड्या मारणारा, निव्वळ वेडा बदक होता. जोन्स यांनी १९५० च्या सुमारास त्याचा स्वभाव पालटला: नव्या डॅफीला मान हवा, पैसा हवा, टाळ्या हव्यात आणि या सगळ्यावर आपला हक्कच आहे अशी त्याची पक्की समजूत आहे. आपल्याला बग्जसारखे व्हावेसे वाटते, पण प्रत्यक्षात आपण असतो डॅफीसारखे, अशा अर्थाचे जोन्स अनेकदा बोलत. १९५१ च्या मे महिन्यात त्यांच्याच ‘रॅबिट फायर’मध्ये हा डॅफी बग्जसमोर सपशेल हरला होता, इथे बग्ज नाही, त्यामुळे स्वतःखेरीज त्याला हरवायला कोणी लागत नाही.

आता लघुपटाकडे वळू. पडद्यावर डॅफीची ओळख ‘वेस्टर्न-टाइप हीरो’ अशी पाटी लावून करून दिली जाते आणि त्याचा सोबती पोर्की पिग या डुकराच्या वाट्याला ‘कॉमेडी रिलीफ’, म्हणजे हसवणारा जोडीदार, ही पाटी येते. साचा इतका उघडा करून दाखवल्यावर लपवायला काही उरतच नाही; पाटी एक म्हणते आणि माणूस दुसरेच करतो, या विसंगतीवर पुढचा सगळा खेळ चालतो. खलनायकाचे नाव नॅस्टी कनास्टा. कनास्टा हा पत्त्यांचा खेळ त्या वर्षांत अमेरिकेत घरोघर जोरात होता, म्हणून ते नाव ऐकताच प्रेक्षक हसत असणार.

गुत्त्यातला प्रसंग या लघुपटाचा गाभा आहे. डॅफी पिस्तूल रोखतो, तर कनास्टा त्या पिस्तुलाचा लचका तोडून ते चावून खातो. डॅफी न घाबरता, बिचाऱ्याच्या आहारात आज लोह कमी पडले असावे, असा निष्कर्ष काढतो. मग तिथले खास पेय येते. त्यात नागाच्या विषासारखे जिन्नस पडतात आणि बर्फाचे खडे ग्लासात पडताच उडी मारून बाहेर पळतात. डॅफी ते आधी पोर्कीला पाजतो, त्याला काही होत नाही असे पाहून स्वतः ढोसतो, आणि मग थोड्या वेळाने हा शूरवीर एक बालगीत बरळू लागतो. विनोद त्या विलंबात आहे. वॉर्नरचे दिग्दर्शक चित्रे काढण्याआधीच प्रत्येक हालचालीच्या चौकटी मोजून ठेवत, कारण अ‍ॅनिमेशनमध्ये वाया घालवायला चित्रफीत नसे. सेकंदाला चोवीस चौकटी धरल्या, तर चेहरा किती वेळ कोरा ठेवायचा हे अगदी काट्यावर ठरवता येई. जोन्स यांच्याइतका तो कोरा चेहरा फार थोड्यांनी वापरला.

अखेरचे द्वंद्व निर्मनुष्य रस्त्यावर होते, आणि कॅमेरा एखाद्या गंभीर चित्रपटासारखा ताण वाढवत नेतो. ‘हाय नून’ हा गंभीर वेस्टर्न १९५२ मध्ये आला, पण एकाकी वीराच्या त्या चालीची थट्टा करण्याइतकी ती आधीच जुनी झाली होती, हे यावरून दिसते. डॅफी संथ पावले टाकत असताना पोर्की किल्लीचे एक खेळण्यातले शिपाईबाहुले सोडून देतो. ते तुरुतुरु चालत कनास्टापाशी येते, तो त्याला कौतुकाने उचलून घेतो आणि बाहुले आपली इवलीशी बंदूक झाडते. कनास्टा आडवा होतो आणि गावकरी पोर्कीचा जयजयकार करतात. गाव साफ करणार म्हणून मिरवणाऱ्या डॅफीच्या हाती शेवटी रस्त्यावरची घाण काढायला खरोखरच झाडू येतो, आणि नशीब की गावात घोडा एकच आहे, अशी पुस्ती पोर्की जोडतो.

संगीताचाही यात मोठा वाटा आहे. स्टॅलिंग मूकपटांच्या काळात कॅन्सस सिटीतल्या चित्रपटगृहांत ऑर्गन वाजवत. एखादी नजर, एखादी ठेच यांच्या मागे दोन-चार सुरांचा तुकडा जोडण्याची हातोटी तिथलीच. लघुपटात पोर्की म्हणतो ते प्रेमगीत माल्टीज यांनी लिहिलेले असून त्याची नायिका आहे ‘गॉवर गल्चचे फूल’. गाणाऱ्या काउबॉयची ही थट्टा आहेच, शिवाय नाक्यावरच्या त्या बेकार एक्स्ट्रांना केलेला रामराम आहे, आणि तो कळणारे लोक बहुतेक हॉलिवूडमध्येच राहत असतील.

तरीही हा लघुपट हॉलिवूडपुरता उरला नाही. १९९५ मध्ये भारतात कार्टून नेटवर्क सुरू झाल्यानंतर डॅफी आणि पोर्की यांची ज्यांच्याशी दोस्ती झाली, त्या आपल्याकडच्या मुलांनी ऑट्री किंवा बॉइड यांचा एकही चित्रपट पाहिलेला नसणार, आणि त्यांना ते पाहण्याची गरजही पडली नाही. आपणच पुढारी आहोत असे धरून चालणारा गडी आणि मागे राहून मुकाट्याने काम उरकणारा त्याचा सोबती ही जोडी कोणत्याही गावात सापडते. डॅफी ढोंगी असता तर त्याचा राग आला असता. पण आपण शूर आहोत असे त्याला मनापासून वाटते, त्यामुळे फजितीच्या क्षणी हसू येते आणि थोडी कणवही वाटते.

याच मंडळींना घेऊन जोन्स यांनी १९५४ मध्ये ‘माय लिटल डकारू’ काढला. त्यातही कनास्टा आहे आणि हशाही आहे, पण पहिल्याची नवलाई त्यात नाही. त्याच्या आदल्या वर्षी, १९५३ मध्ये, ‘डक डॉजर्स’मध्ये त्यांनी घोडा आणि पिस्तूल बाजूला ठेवून डॅफीला अंतराळवीर केले होते व पोर्कीला त्याच्या हाताखाली दिले होते. माझ्या मते ‘ड्रिप-अलाँग’चा खरा उत्तरार्ध तोच आहे. त्याच सुमारास, १९५३ मध्येच, जीन ऑट्री यांचा शेवटचा वेस्टर्न चित्रपटगृहांत लागला; दूरचित्रवाणीवर मात्र ते १९५० पासूनच दिसू लागले होते.